पंधरा जूनची मध्यरात्र

न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर ३ ऑक्टोबर १९५१ च्या दुपारी बेसबॉलमधला सर्वांत गाजलेला फटका बसला. नववा, म्हणजे शेवटचा डाव. ब्रुकलिन डॉजर्स ४, न्यूयॉर्क जायंट्स २, जायंट्सचे दोन गडी बेसवर. डॉजर्सच्या राल्फ ब्रँकाने टाकलेला दुसरा चेंडू बॉबी थॉमसनने डाव्या बाजूच्या प्रेक्षकांत भिरकावला आणि सामना ५-४ असा उलटला. ऑगस्टमध्ये जायंट्स तब्बल साडेतेरा सामन्यांनी मागे होते. त्यांनी डॉजर्सना गाठलं आणि लीगचं विजेतेपद हिसकावून नेलं. रेडिओवर रस हॉजेस हा समालोचक एकच वाक्य पुन्हा पुन्हा ओरडत राहिला. पुढे २००१ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने जुनं प्रकरण उकरून काढलं: जायंट्सचा माणूस मैदानाच्या टोकाच्या खोलीतून दुर्बिणीने प्रतिस्पर्धी कॅचर आपल्या पिचरला, म्हणजे गोलंदाजाला, कोणता चेंडू टाकायचा हे सांगायला करतो त्या खुणा टिपायचा आणि बझर वाजवून त्या पुढे पोहोचवायचा. थॉमसनला त्या चेंडूची खूण कळली होती का, हा वाद मग पुन्हा रंगला. त्याचं स्वतःचं उत्तर शेवटपर्यंत ‘नाही’ असंच होतं.

दुर्बिणीवर भरपूर शाई खर्च झाली आहे. या प्रसंगातल्या दुसऱ्या दोन माणसांकडे मात्र सहसा कोणाचं लक्ष जात नाही. ब्रँकाला खुणा करणारा कॅचर होता रूब वॉकर; नेहमीचा कॅचर रॉय कॅम्पनेला दुखापतीमुळे बाहेर बसला होता. आणि डाव्या बाजूच्या भिंतीपाशी उभा राहून डोक्यावरून जाणारा चेंडू हताशपणे पाहणारा खेळाडू होता अँडी पाफको. हे दोघेही जूनच्या मध्यापर्यंत शिकागो कब्जचे खेळाडू होते. १५ जून १९५१ ला झालेल्या आठ जणांच्या अदलाबदलीत, चारांच्या बदल्यात चार, ते ब्रुकलिनला आले. डॉजर्स त्या दिवशी शिकागोतच खेळायला आले होते. त्यामुळे पाफकोला गाडीसुद्धा पकडावी लागली नाही. दुसऱ्या दिवशी तो त्याच मैदानात, त्याच प्रेक्षकांसमोर, समोरच्या संघाचा गणवेश चढवून उतरला. आदल्या वर्षी त्याने कब्जसाठी ३६ होमरन मारले होते. शिकागोकर संतापले नसते तरच नवल.

१५ जून ही तारीख तेव्हाच्या बेसबॉलच्या हिशेबात फार वजनदार. त्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत संघांनी आपसात खेळाडूंची देवघेव करायची. नंतर एखाद्याला हलवायचं तर इतर संघांचे हक्क आधी मोकळे करून घ्यायचे, म्हणजे बहुधा हलवायचंच नाही. ही सीमा १९२३ पासून होती. न्यूयॉर्कच्याच यांकीजनी १९२२ च्या जुलैमध्ये, ऐन शर्यतीत, बोस्टनकडून एक तयार खेळाडू उचलला म्हणून ओरड झाली आणि त्यातून हा नियम आला. मोसम एप्रिल ते सप्टेंबर, ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीज. मध्ये जूनचा हा अडसर. त्यामुळे चौदा-पंधरा जूनला संघांच्या कचेऱ्यांतले टेलिफोन तापायचे आणि अनेक खेळाडूंचे संसार एका रात्रीत दुसऱ्या गावी हलायचे.

खेळाडूला यात कोणी विचारायचं नाही. आयपीएलच्या लिलावात खेळाडू निदान स्वतः नाव नोंदवतो, आपली आधार किंमत सांगतो. या खेळात तेवढंही नव्हतं. प्रत्येक करारात एक कलम असे: करार संपला आणि नव्यावर सही झाली नाही, तर मालक जुनाच करार आणखी एक वर्षासाठी वाढवू शकतो. वाढवलेल्या करारातही तेच कलम. म्हणजे एकदा सही केली की खेळाडू जन्मभर त्या मालकाचा, किंवा मालक ज्याला देईल त्याचा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२२ मध्ये सांगितलं की बेसबॉलचे सामने हा आंतरराज्य व्यापार नव्हे, तेव्हा मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू नाही. पुढे यांकीजच्या साखळीतला टूलसन नावाचा पिचर कोर्टात गेला, तर न्यायालयाने १९५३ मध्ये चेंडू संसदेकडे टोलवला. मालक निर्धास्त झाले. किमान वार्षिक पगार १९४७ मध्ये ५,००० डॉलर होता. वीस वर्षांनी तो ६,००० होता.

थॉमसनचीही गोष्ट ऑक्टोबरच्या त्या दुपारी संपली नाही. स्कॉटलंडमध्ये जन्मलेला आणि न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर वाढलेला हा गडी. शहर त्याच्यावर जीव टाकत होतं. पण १९५३ मध्ये जायंट्स पाचव्या क्रमांकावर घसरले. त्यांना डावखुरे पिचर हवे होते. शिवाय थॉमसन ज्या सेंटर फील्डमध्ये खेळायचा, त्या जागेचा खरा धनी विली मेज लष्करातली सेवा संपवून परतणार होता. तिकडे ब्रेव्ज नुकतेच बोस्टन सोडून मिल्वॉकीला आले होते. १९५२ मध्ये बोस्टनला त्यांचे सामने पाहायला वर्षभरात तीन लाखही माणसं आली नव्हती; मिल्वॉकीत पहिल्याच वर्षी अठरा लाखांवर आली. हाती पैसा होता, फटकेबाज हवा होता. १ फेब्रुवारी १९५४ ला सौदा झाला. थॉमसन आणि एक राखीव कॅचर मिल्वॉकीला गेले. बदल्यात न्यूयॉर्कला चार खेळाडू आणि ५०,००० डॉलर मिळाले. त्या चारांत जॉनी अँटोनेली आणि डॉन लिडल हे दोन डावखुरे पिचर होते.

वर्ष संपेपर्यंत या सौद्याचं पारडं दोनदा फिरलं. अँटोनेलीने त्या मोसमात २१ सामने जिंकून दिले आणि जायंट्स वर्ल्ड सिरीजमध्ये पोहोचले. समोर क्लीव्हलंड, १११ विजयांचा डोंगर रचून आलेला, कागदावर कितीतरी भारी संघ. २९ सप्टेंबरचा पहिला सामना, पोलो ग्राउंड्स, आठवा डाव, २-२ अशी बरोबरी, क्लीव्हलंडचे दोघे बेसवर, एकही बाद नाही. फलंदाज व्हिक वर्ट्झ. हाही बदलीचाच माणूस. १ जूनला बाल्टिमोरने त्याला क्लीव्हलंडला दिलं होतं. त्याच्यासाठी जायंट्सच्या मॅनेजरने खास बोलावला तो लिडल.

लिडलचा चेंडू वर्ट्झने जो हाणला, तो सरळ सेंटर फील्डच्या डोक्यावरून. पोलो ग्राउंड्सचा आकार घोड्याच्या नालासारखा लांबोडका. दोन्ही बाजूंच्या भिंती हाकेच्या अंतरावर, पण मधली भिंत ४८० फुटांच्याही पलीकडे. दुसऱ्या बहुतेक मैदानांत हा फटका बाहेर गेला असता. मेज फलंदाजाकडे पाठ करून धावत सुटला. चेंडू मागून, त्याच्या खांद्यावरून येत होता. धावता धावता दोन्ही हात पुढे करून त्याने तो ग्लव्हमध्ये घेतला आणि तसाच गर्रकन वळून बेसकडे फेकला. टोपी उडाली, तो स्वतः खाली पडला. दुसऱ्या बेसवरचा लॅरी डोबी तिसऱ्यापर्यंतच पोहोचला. धाव झाली नाही. जाणते झेलाइतकंच, किंबहुना झेलाहून अधिक, त्या फेकीचं कौतुक करतात, आणि ते रास्त आहे. झेल घेऊन मेज क्षणभर रेंगाळला असता तरी डोबी घरी आला असता.

लिडलचं काम एवढंच होतं. लगेच त्याच्या जागी दुसरा पिचर आला. बाकावर परतल्यावर लिडल गंभीर चेहऱ्याने म्हणाला म्हणे, की माझ्या वाट्याचा गडी मी बाद केला. दहाव्या डावात डस्टी ऱ्होड्स नावाच्या बदली फलंदाजाने उजव्या बाजूच्या जवळच्या भिंतीवरून होमरन मारला. वर्ट्झच्या फटक्याच्या तुलनेत तो जेमतेम फटका. जायंट्स जिंकले आणि पुढची मालिका ४-० अशी खिशात घातली. वर्ट्झने त्या दिवशी पाच वेळा बॅट हाती घेतली आणि चार वेळा हिट मारली. लोकांना आठवतो तो उरलेला एक फटका.

मिल्वॉकीत तोवर काय झालं होतं? थॉमसन तिथे धड उभाही राहिला नव्हता. सराव सामन्यांच्या काळात, १३ मार्चला, फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गला यांकीजविरुद्ध खेळताना दुसऱ्या बेसवर घसरत जाताना त्याचा घोटा मोडला. लेफ्ट फील्ड मोकळं पडलं आणि मॅनेजरने तिथे वीस वर्षांचा एक पोरगा उभा केला. तो आदल्या वर्षी खालच्या लीगमध्ये सेकंड बेसवर खेळत होता. त्याचं नाव हँक ॲरन. पुढे १९७४ मध्ये त्याने बेब रूथचा ७१४ होमरनचा विक्रम मोडला आणि ७५५ वर थांबला. ॲरन आज ना उद्या वर आलाच असता, हे उघड आहे. पण जायंट्सना पिचर हवे होते म्हणून थॉमसन हलला आणि थॉमसनचा पाय मोडला म्हणून ॲरनला जागा मिळाली, ही साखळीही खरीच आहे.

१९५७ चा पंधरा जून आला आणि ब्रेव्जनी थॉमसनला दोघा साथीदारांसह परत जायंट्सकडे पाठवलं. बदल्यात मागितला सेकंड बेसवरचा रेड शेंडीन्स्ट. हा सेंट लुइसचा लाडका खेळाडू. वर्षभरापूर्वी, १९५६ च्या जूनमध्ये, त्यालाही असंच उचलून न्यूयॉर्कला धाडलं होतं. शेंडीन्स्ट आला आणि त्याच ऑक्टोबरमध्ये मिल्वॉकीने वर्ल्ड सिरीज जिंकली. थॉमसनच्या वाट्याला आला पोलो ग्राउंड्सवरचा जायंट्सचा अखेरचा मोसम. त्यानंतर संघाने न्यूयॉर्क सोडलं आणि सॅन फ्रान्सिस्को गाठलं. डॉजर्स लॉस एंजेलिसला गेले.

त्याच १५ जूनला कॅन्सस सिटीत दुसरं नाट्य चाललं होतं. यांकीज तिथे पाहुणे होते. महिनाभरापूर्वी बिली मार्टिनच्या वाढदिवसाची रात्र साजरी करायला यांकीजची टोळी न्यूयॉर्कच्या कोपाकबाना नाइट क्लबमध्ये गेली होती आणि तिथे मारामारीचं प्रकरण झालं. जनरल मॅनेजर जॉर्ज वाइस यांना मार्टिन आधीच डोळ्यांत खुपत होता. मिकी मँटलसारख्या हिऱ्याला तो बिघडवतो, असा त्यांचा ग्रह. निमित्त मिळालं. मार्टिन कॅन्सस सिटीला देऊन टाकला गेला आणि दुसऱ्या दिवशी तो त्याच मैदानावर यांकीजविरुद्ध उभा राहिला. मॅनेजर केसी स्टेंगल यांची त्याच्यावर मुलासारखी माया. त्यांनी आपल्याला वाचवलं नाही, या रागात तो पुढे कित्येक वर्षं त्यांच्याशी बोलला नाही.

कॅन्सस सिटीच्या या संघाबद्दल लोक नाक मुरडत आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. मालक आर्नल्ड जॉन्सन यांनी आधी यांकी स्टेडियमच विकत घेतलं होतं, यांकीजच्या मालकांशी त्यांची जुनी ऊठबस होती आणि १९५४ पर्यंत त्या शहरात यांकीजचाच दुय्यम संघ खेळत होता. आता नाव बदललं, वहिवाट तीच राहिली. यांकीजनी तिथे खेळाडू ठेवायला द्यावेत आणि पिकल्यावर परत न्यावेत. मार्टिनबरोबर गेलेला राल्फ टेरी हा कोवळा पिचर १९५९ मध्ये असाच परत आला. १३ ऑक्टोबर १९६० ला, पिट्सबर्गला, वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात ९-९ अशी बरोबरी असताना नवव्या डावात चेंडू टेरीच्याच हाती होता. बिल मॅझरॉस्कीने तो भिंतीपार केला आणि होमरनने संपलेली ती पहिली वर्ल्ड सिरीज ठरली. सात सामन्यांत मिळून यांकीजच्या धावा ५५, पिट्सबर्गच्या २७, तरी हार. दोन वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध सातवा सामना टेरीने १-० असा जिंकून दिला, हे सांगितलं नाही तर त्याच्यावर अन्याय होईल.

रॉजर मॅरिसही याच रस्त्याने आला. क्लीव्हलंडने १५ जून १९५८ ला त्याला कॅन्सस सिटीला दिलं. बदल्यात गेलेल्या दोघांपैकी वुडी हेल्ड हा बरोबर एका वर्षापूर्वी मार्टिनच्या सौद्यात तिथे आला होता. १९५९ च्या डिसेंबरात मॅरिस यांकीजकडे पोहोचला आणि १९६१ मध्ये ६१ होमरन मारून त्याने रूथचा एका मोसमातला विक्रम मोडला.

मॅरिसला क्लीव्हलंडमधून घालवणारे फ्रँक लेन. शेंडीन्स्टला सेंट लुइसमधून घालवणारेही तेच. सौदा हा या गृहस्थांचा श्वास होता. शिकागो व्हाइट सॉक्समध्ये असताना त्यांनी सात वर्षांत दोनशेच्या वर अदलाबदली केल्या, आणि त्यांतल्या काही अव्वल होत्या. नेली फॉक्ससारखा पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेलेला खेळाडू त्यांनी एका सामान्य कॅचरच्या बदल्यात मिळवला. पण पुढे खुमखुमी हिशेबापेक्षा मोठी झाली. सेंट लुइसला त्यांनी संघाचा सर्वांत मोठा तारा स्टॅन म्युझियल यालाच विकायला काढलं होतं. मालक गसी बुश यांनी वेळीच हात धरला. क्लीव्हलंडला हात धरणारं कोणी नव्हतं. १७ एप्रिल १९६० ला, मोसम सुरू व्हायच्या दोन दिवस आधी, लेन यांनी आदल्या वर्षी ४२ होमरन मारलेला रॉकी कोलाव्हिटो डेट्रॉइटला दिला आणि ०.३५३ च्या सरासरीने फलंदाजीत पहिला आलेला हार्वी क्यून घेतला. कोलाव्हिटो म्हणजे शहराचा जीव की प्राण. क्यून एकच वर्ष टिकला. ऑगस्टमध्ये याच दोन संघांनी चक्क मॅनेजरांची अदलाबदल केली. क्लीव्हलंडचा संघ पुढे तीस-पस्तीस वर्षं रखडला, तेव्हा लोकांनी त्याला कोलाव्हिटोचा शाप असं नाव दिलं.

या बाजारात विनोदही घडत. ब्रुकलिनने १९४८ मध्ये आजारी समालोचकाच्या जागी अटलांटाहून अर्नी हारवेल याला आणलं, ते एक कॅचर देऊन. आणि हॅरी चिटी हा कॅचर १९६२ च्या एप्रिलमध्ये ‘नंतर ठरवायच्या खेळाडू’च्या बदल्यात क्लीव्हलंडहून नव्या न्यूयॉर्क मेट्सकडे आला. १५ जूनला तो नंतरचा खेळाडू ठरला: चिटी स्वतः. मेट्सनी त्या वर्षी १२० सामने गमावले.

१५ जून १९६४ चा सौदा मात्र आजही मूर्ख सौद्याचं उदाहरण म्हणून सांगतात. कब्जनी लू ब्रॉक सेंट लुइस कार्डिनल्सना दिला आणि अर्नी ब्रॉग्लिओ घेतला. दोघांबरोबर आणखी दोन-दोन. त्या दिवशी मूर्ख कोण वाटत होतं? कार्डिनल्स. ब्रॉग्लिओ आदल्या वर्षी १८ सामने जिंकलेला पिचर. ब्रॉकची सरासरी ०.२५१ च्या आसपास घुटमळत होती. पण सेंट लुइसला ब्रॉकला मोकळं धावू दिलं गेलं. उरलेल्या मोसमात त्याने ०.३४८ च्या सरासरीने फलंदाजी केली आणि ३३ बेस चोरले, म्हणजे पिचर चेंडू टाकत असताना धावून पुढचा बेस गाठला. ब्रॉग्लिओचं कोपर दुखत होतं. कब्जसाठी त्याने एकूण सात सामने जिंकले. फिलाडेल्फियाने बारा सामने उरले असताना साडेसहा सामन्यांची आघाडी उधळली, कार्डिनल्स शेवटच्या दिवशी पुढे सरकले आणि वर्ल्ड सिरीज जिंकले. ब्रॉक निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ९३८ चोरलेले बेस होते. हा सौदा जुळवणाऱ्या बिंग डिव्हाइन यांना बुश यांनी ऑगस्टमध्येच, संघ मागे असताना, काढून टाकलं होतं. वर्षअखेरीस सर्वोत्तम व्यवस्थापकाचा मान त्यांनाच मिळाला.

डिव्हाइन यांनी जनरल मॅनेजर म्हणून केलेला पहिला सौदा १९५७ च्या डिसेंबरातला. त्यात त्यांनी सिनसिनाटीकडून एकोणीस वर्षांचा कर्ट फ्लड आणला. फ्लड तेव्हा व्हेनेझुएलात हिवाळी लीग खेळत होता. बातमी त्याला तिकडे तारेने कळली. पुन्हा असं होऊ द्यायचं नाही, हे आपण तेव्हाच मनाशी ठरवलं, असं त्याने आत्मचरित्रात लिहिलं आहे. बारा वर्षं तो सेंट लुइसला सेंटर फील्ड सांभाळत राहिला. ७ ऑक्टोबर १९६९ ला त्याला फिलाडेल्फियाला दिल्याचं फोनवर कळलं. सौदा करणारे पुन्हा डिव्हाइनच. ते मधल्या काळात परत आले होते.

फ्लडला १९६९ मध्ये ९०,००० डॉलर मिळत होते. फिलाडेल्फिया त्याहून जास्त द्यायला तयार होता. २४ डिसेंबरला त्याने बेसबॉलचे कमिशनर बोवी कुन यांना पत्र लिहिलं: मी खरेदी-विक्रीची मालमत्ता नाही, इतर संघांचे देकारही मला ऐकू द्या. कुन यांनी नकार दिला आणि फ्लड कोर्टात गेला. त्याच्या बाजूने साक्ष द्यायला जॅकी रॉबिन्सन आला. १९५६ मध्ये डॉजर्सनी त्याला परस्पर जायंट्सना दिलं, तेव्हा त्याने खेळणंच सोडलं होतं. खेळत असलेला एकही खेळाडू मात्र कोर्टात फिरकला नाही. १९ जून १९७२ ला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी फ्लडविरुद्ध निकाल दिला. बेसबॉलला मिळालेली सूट विसंगत आहे, हे निकालपत्रात मान्य करूनही ती तशीच ठेवली. फ्लडने तोवर १९७१ मध्ये वॉशिंग्टनसाठी तेरा सामने खेळून बॅट ठेवली होती.

खेळाडूला जन्मभर मालकाशी बांधणारं ते कलम १९७५ च्या डिसेंबरात लवादाने मोडलं, अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरांच्या दाव्यात. त्याआधी, १९७३ च्या करारात, खेळाडू संघटनेने एक छोटी तरतूद पदरात पाडून घेतली होती. दहा वर्षं खेळलेला आणि त्यांतली शेवटची पाच एकाच संघात काढलेला खेळाडू अदलाबदल नाकारू शकेल. ती वापरणारा पहिला माणूस कब्जचा रॉन सँटो. ब्रॉक गेला तेव्हाही तो त्याच संघात होता. १९७३ च्या डिसेंबरात कब्जनी त्याला कॅलिफोर्निया एंजल्सना देऊ केलं आणि सँटोने नाही म्हटलं. काही दिवसांत तो व्हाइट सॉक्सकडे जायला राजी झाला. त्यासाठी त्याला शिकागो सोडावं लागणार नव्हतं.